एका हातानं उचलेल एवढं

जिन्याच्या चौथ्या पायरीवर ज्ञानोबांच्या हाताला रग लागली आणि त्यांनी पिशवी खाली टेकवली. पुण्याहून लेकीनं, शिवकन्येनं, फोनवर नेमच घालून दिला होता. सायकलवर निघायचं तर सामान एका हातात धरून गच्चीपर्यंत चढता आलं पाहिजे, जे चढणार नाही ते घरी ठेवायचं. सत्यभामाबाई आपली पिशवी घेऊन केव्हाच वर पोचल्या होत्या आणि कठड्यावरून वाकून नवऱ्याची गंमत बघत होत्या.

"काय संसार भरलाय का काय?" त्यांनी विचारलं.

संसार नव्हता, पण त्याच्या जवळपास होतं. दोन स्वेटर, छत्री, विजेरी आणि तिचे जादा सेल, रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट, डासांची अगरबत्ती, पंक्चर काढायचं सामान (जे दोघांपैकी कुणालाच वापरता येत नव्हतं) आणि तीन पुस्तकं. ज्ञानोबांचा सारा जन्म धाराशिवच्या एका कॉलेजात पुस्तकं सांभाळण्यात गेला होता. एखादं पुस्तक वर्षानुवर्षं कुणी मागत नसलं तरी ते रद्दीत काढायला त्यांचा जीव होत नसे. असू द्यावं, कधी कुणाला लागेल. निवृत्तीनंतर कॉलेज सुटलं, ही सवय मात्र घरी आली.

जायचं होतं तेरखेड्याला, सत्यभामाबाईंच्या माहेरी. लहानपणी त्यांचे भाऊ सायकलवर येरमाळ्याच्या शाळेत जायचे. एकदा त्यांनी नुसता हँडलला हात लावला, तर वडील म्हणाले होते, पोरीनं सायकल शिकून कुठं जायचंय. लग्न झाल्यावर बाई माहेरी जात राहिल्या त्या एसटीनं, ट्रंका, पिशव्या आणि कडेवरचं मूल सांभाळत. साठी उलटल्यावर एक दिवस त्या मैदानावर जाऊन सायकल शिकल्या. दोनदा पडल्या, गुडघा सोलला, पण शिकल्या. आणि मग एवढंच म्हणाल्या, की एकदा गावात सायकलवर शिरायचं आहे.

ज्ञानोबा पेपर वाचत होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी येतो सोबत."

बोलून बसले आणि मग मनाला घोर लागला. मेहुण्यानं, अण्णारावनं, तो आणखी वाढवला. अण्णारावचा तेरखेड्यात फटाक्यांचा कारखाना. दिवाळी सरली की त्याला थट्टेला भरपूर वेळ असायचा. फोनवर म्हणाला, "दाजी, पुस्तकातली सायकल निराळी आन् चढावरची निराळी. म्या टेम्पो तयार ठेवतो. दमलाव की नुसता फोन लावा."

ज्ञानोबा हसले होते. पण त्यांना पक्कं ठाऊक होतं, की आपल्यासाठी टेम्पो आला तर सत्यभामा आपल्याला एकट्याला त्यात बसवून पुढं जाणार नाही. तिचीही सायकल टेम्पोत चढेल, आणि ती पुन्हा माहेरी जाईल ती सामानासारखी. ते आपल्यामुळं होऊ नये, एवढीच त्यांची धडपड होती.

म्हणून पिशवी पुन्हा उपसली गेली. स्वेटर एक राहिला. छत्री गेली, अगरबत्ती गेली, तिन्ही पुस्तकं टेबलावर गेली. आता मात्र ज्ञानोबा एका दमात गच्चीवर पोचले, आणि सत्यभामाबाईंनी मान डोलावली.

निघायच्या सकाळी त्या देवाला दिवा लावत होत्या, तेव्हा ज्ञानोबांनी टेबलावरचं एक जाड पुस्तक उचललं आणि सदऱ्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातलं. वाचायची तेवढी ओढ नव्हती, कितीदा तरी वाचून झालं होतं. पण दुसऱ्याच्या घरी चार माणसांत बसायचं म्हटलं की आपले हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळत नसे. मांडीवर पुस्तक असलं म्हणजे हातांना जागा मिळायची.

येडशीपर्यंतचा रस्ता बरा गेला. दोन्हीकडं ज्वारी कमरेला आली होती, हरभरा फुलावर होता. सत्यभामाबाई पदर खोचून पुढं, ज्ञानोबा मागं. मुक्काम ज्ञानोबांच्या चुलत बहिणीकडं, सिताबाईकडं होता. तिनं पाय दाबायला तेल दिलं, गरम भाकरी आणि आमटी वाढली, सायकलींना घरात घेतलं. सगळं झ्याक झालं. घोटाळा सकाळी झाला.

निघताना सिताबाईनं भावाला पाटावर बसवून कुंकू लावलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला. सत्यभामाबाईंची ओटी भरली, खण, नारळ आणि वर घरची ज्वारी, तीही हात आखडता न घेता. मग शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आला, भाकरीची चळत आली, आणि शेवटी वेलावरचा एक काशीभोपळा आला. ज्ञानोबा चाचरत म्हणाले, की बाई, सायकलवर एवढं कसं न्यावं.

"रिकाम्या हातानं जाताव व्हय भाऊ? गाव मला काय म्हणंल?"

सगळं सायकलींवर चढलं. सामानाचा नेम शिवकन्येनं शिकून-सवरून घातला होता, पण त्या नेमात आत्याबाई बसतच नव्हत्या. आणि वाटेत पाहुण्याचं घर आहे म्हणजे आहेर असणार, हे एवढं वय झालेल्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

चढ लागला तसा भोपळा बोलायला लागला. जाळीच्या पिशवीत हँडलला टांगलेला, तो प्रत्येक पायडलाला गुडघ्यावर आपटायचा. कॅरिअरवरची ज्वारी मागं ओढायची. ज्ञानोबा आधी उभे राहून पायडल मारू लागले, मग उतरून ढकलू लागले, मग ढकलणंही जमेना. छाती भात्यासारखी चालली होती. खिशातल्या मोबाइलवर हात गेला आणि परत आला.

सत्यभामाबाई वर कुठं तरी सायकल लावून, पिशवी हातात घेऊन चालत खाली आल्या. त्या काही बोलण्याआधीच ज्ञानोबा म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो सावकाश."

"एकटीनंच जायचं असतं तर कधीच गेले असते," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याकडंच्या बांधावर बसल्या.

बांधापलीकडं सोयाबीन काढलेल्या रानात मेंढरं बसवली होती. बिराप्पा नावाचा मेंढपाळ आणि त्याची बायको नागूबाई, तीन दगडांची चूल, खाटेला बांधलेली दोन कोकरं. बिराप्पानं न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि म्हाताऱ्यांना सायकलवर बघून कुठं काही वाईट झालंय का, असं हळूच विचारलं. माहेरी निघालोय म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला.

पाणी पिता पिता ज्ञानोबांच्या मनात एक गोष्ट आली. आहेराचे टॉवेल कोण वापरतं? त्यांच्या कपाटात चळतच होती. इकडून आलेला तिकडच्या लग्नात जायचा. शिवकन्येच्या लग्नात त्यांनी दिलेला एक टॉवेल दोन वर्षांनी हळदीच्या त्याच डागासकट त्यांच्याकडं परत आला होता. आहेर ठेवायचा नसतो, पुढं चालता करायचा असतो. फक्त तो फेकल्यासारखा देऊ नये.

त्यांनी बायकोच्या कानाशी लागून हे सांगितलं. सत्यभामाबाईंनी भोपळ्यावरून हात फिरवला. "नणंदेनं मायेनं दिलंय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मायेनंच देऊ."

नागूबाईच्या करंड्यातलं कुंकू घेतलं. बिराप्पाला घोंगडीवर बसवून ज्ञानोबांनी त्याला टिळा लावला, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. परक्या माणसाला असं कधी त्यांनी शिवलंही नव्हतं. बिराप्पा पार गोंधळून गेला.

"मास्तर, पर लगीन कुणाचं हाय?"

"आमचंच म्हणा," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि नागूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

तिची ओटी भरली गेली, खण, नारळ आणि सगळी ज्वारी. भोपळा चुलीजवळ गेला. नागूबाईनं ओटीतली मूठभर ज्वारी काढून सत्यभामाबाईंच्या पदरात परत घातली. तशी रीतच होती, आणि त्या साऱ्या प्रवासात मिळालेला तेवढा एकच आहेर वजनाला हलका होता. भाकरी-चटणी चौघांनी मिळून संपवली.

पिशवी बांधताना ज्ञानोबा थांबले. मग खाली मान घालून त्यांनी तळाशी हात घातला आणि सदऱ्यातलं पुस्तक बाहेर काढलं.

"हेही इथंच ठेवावं म्हणतो. तुला न सांगता आणलं होतं."

सत्यभामाबाईंनी आपली पिशवी उघडली आणि त्यांच्या हातावर चष्म्याची डबी ठेवली. वाचायचा चष्मा. तो आपण घरीच विसरलो, हे ज्ञानोबांना त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं.

"टेबलावर दोनच पुस्तकं होती," त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्यावर हा. म्हटलं, पुस्तक नेतील आणि तिथं कोरडं उघडून बसतील."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?" त्यांनी पुस्तक आपल्या पिशवीत सारलं. "चढ संपेपर्यंत माझ्याकडं राहू द्या. हे इथं ठेवलं तर तुम्ही सारखं मागं बघत याल, आणि मला ते ओझं जड जाईल."

चढ संपला तेव्हा ज्ञानोबा सायकलवर होते. कसे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. येरमाळ्यात चहा घेताना पुस्तक त्यांच्या पिशवीत परत आलं.

उन्हं कलताना तेरखेडं दिसलं. अण्णाराव टेम्पो आडवा लावून रस्त्यात उभाच होता, सोबत शेजारपाजारची पाच-सहा माणसं. सत्यभामाबाईंनी घंटी वाजवली आणि त्या थांबल्या नाहीत. भावाला वळसा घालून, टेम्पोच्या बाजूनं, सरळ गावात शिरल्या. अण्णाराव एक पाऊल मागं सरला. त्यानं मागून आलेल्या दाजींच्या सायकलचं हँडल धरलं.

"दाजी, सामान मागनं येतंय व्हय?"

एरवी ज्ञानोबा अशा वेळी ओशाळून हसले असते, उतरले असते, सगळ्यांना नमस्कार करत बसले असते.

"हँडल सोडा अण्णाराव," ते म्हणाले. "ती पुढं गेली."

अण्णारावनं हात काढला. गल्लीत दिवाळीच्या फटाक्यांचे लाल कपटे अजून कुठं कुठं पडले होते. पुढच्या सायकलच्या चाकानं ते उडत होते, आणि ज्ञानोबा त्यांच्यामागून पायडल मारत निघाले.