पालाची जागा

बिभीषण शेत ओलांडून पुढे निघून गेला आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. कालव्याच्या कडेकडेने तो चालत होता. काखेत घोंगडीची घडी, पायात टायरच्या वहाणा. चिंचेचं झाड मागे पडलं, मग दगडी मोरी आली आणि तो थबकला. मोरी शेताच्या नंतर येते. निम्मं आयुष्य मेंढरांमागे याच वाटेने आलेला माणूस डोळे मिटून चिंचेपाशीच वळला असता. तो मागे फिरला आणि चिंचेखाली उभा राहून खाली बघू लागला. शिमग्याच्या दिवसांत जिथे मोकळं काळं रान असायचं, तिथे कमरेएवढा ऊस उभा होता.

पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यानंतर जे वाटलं ते त्याचं त्यालाही आवडलं नाही.

तो आला होता ते एक गोष्ट सांगायला. यंदा मेंढरं येणार नाहीत आणि पुढेही कधी येणार नाहीत. कळप विकला. हे एवढंच वाक्य पाटोद्यापासून तीन गाड्या बदलून त्याने उमापूरपर्यंत आणलं होतं आणि वाटेत ते दर स्टँडला जड होत गेलं होतं.

पाटोद्याचा मुलूख डोंगरावरचा. वर दगड, वारा, सीताफळाची झुडपं आणि बोटभर माती. खाली गोदावरी, तिला इकडे गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठचा भाग म्हणजे गंगथडी. वरच्यांचं आणि खालच्यांचं एकमेकांबद्दलचं मत पहिल्यापासून बेताचंच. खालच्यांना वाटतं, डोंगरातला माणूस म्हणजे आडदांड, त्याला बोलायची रीत नाही. वरच्यांना वाटतं, गंगथडीच्या माणसाची जीभ गोड आणि हात आखडता. पण वर मेंढरं होती आणि माघ सरला की चारा नव्हता. खाली चारा होता, काळीभोर जमीन होती, पण तिला खत पुरत नव्हतं. म्हणून दरसाल बिभीषण आणि त्याची बायको सारजाबाई घोड्यावर बिऱ्हाड घालून शिरूरवरून, सिंदफणा ओलांडून खाली उतरत. उमापूरच्या बद्रीनाथच्या रानात वाघर लावत, म्हणजे जाळी ठोकून मेंढरं कोंडत. आज इथे, चार दिवसांनी तिथे, असं करत सगळं रान लेंडी-मुताने खतवून निघे. बदल्यात बद्रीनाथ ज्वारी देई. कागद नाही, बोलणी नाहीत. बद्रीनाथने रान मोकळं ठेवायचं आणि बिभीषणने यायचं. दुसऱ्या कुणाची मेंढरं त्या रानात शिरू द्यायची नाहीत, असाही एक न बोललेला कायदा होता.

तो कायदा आपल्या हातून मोडला, हे बिभीषणला झोपू देत नव्हतं. बद्रीनाथ अण्णा रान मोकळं ठेवून वाट बघत बसले असतील, दुसऱ्या धनगराला माघारी लावलं असेल, असं त्याच्या मनात सारखं येई.

"फोन करा ना आबा," अंगद म्हणाला होता. अंगद त्याचा थोरला, डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर राखणदार. "फोन हाय खिशात, आन् गाडीत कावून बसायचं?"

फोन झाला होता. दोनदा झाला होता. एकदा याने लावला, एकदा बद्रीनाथने. दोन्ही वेळेला थंडीचं, कापसाचं बोलणं झालं, तब्येतीची चौकशी झाली आणि मुख्य गोष्ट तशीच राहिली.

"फोनवर सांगू नगा," सारजाबाई म्हणाली होती. तिचे गुडघे गेले होते. कळप विकायला निम्मं कारण ते होतं. उरलेलं निम्मं अंगदचं लग्न. मेंढरामागे हिंडणाऱ्या घरात मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. "त्यांच्या रानात आपले दिवस गेले. तोंडानं सांगून या. आन् ही घोंगडी वयनींना द्या."

आणि इथे ऊस.

आपण वचन मोडलं नाही, त्यांनीच मोडलं, म्हणून हायसं वाटलं. मग त्याच पावली मनात आलं. म्हणजे आपण आलो असतो, मेंढरं घेऊन आलो असतो, तर कुठे उभे राहिलो असतो?

मोटारीच्या खोलीतून बद्रीनाथ बाहेर आला. धोतराच्या जागी आता लेंगा होता, बाकी माणूस तोच. त्याने बिभीषणला पाहिलं आणि लगेच त्याच्या पाठीमागे कालव्याकडे पाहिलं. धुरळा शोधत होता.

"मेंढरं कुठवर आली?"

बिभीषणने तोंड उघडलं. पण बद्रीनाथने त्याला बोलूच दिलं नाही.

"युवराजनं लावला बे ऊस," तो म्हणाला. "मी न्हाई म्हनलं हुतं. म्हनलं, बिभीषण येतोय शिमग्याला, त्याला काय सांगू? पोरगं आइकतंय व्हय? कारखान्याची मान्सं आली, लावून मोकळं झालं." मग आवाज खाली आला. "म्या बी लई आडवलं न्हाई. खोटं कशाला बोलू."

बोलायचं ते बिभीषणच्या तोंडात होतं. तिथेच राहिलं.

"असू द्या अण्णा," तो म्हणाला. आणि एवढंच बोलताना त्याने जरा मान खाली घातली, थकल्या माणसाने घालावी तशी. थकलेला तो होताच. पण मान त्यासाठी घातली नव्हती.

घरी सुंदरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि नवऱ्याला धारेवर धरलं.

"फोन न्हाई करता आला तुमाला?"

"केलता. थंडीचं बोललो आन् ठिवला."

"थंडीचं. भाऊजी मेंढरं घिऊन आले, आता त्यांनी कुठं जावं?"

"शेजारच्या रामला सांगतो. त्याच्या लिंबुनीत जागा हाय. न्हाईतर वरला तुकडा हाय आपला."

"वरल्या तुकड्यात कोंबड्या बसत न्हाईत, मेंढरं कुठली बसत्यात?"

बिभीषण भाकरी कुस्करत ऐकत होता. वांग्याची भाजी त्याच्या आवडीची होती आणि सुंदरबाईंनी ती आठवणीने केली होती. त्याला बरं वाटत होतं. आयुष्यात अन्याय त्याच्यावर पुष्कळ झाले होते. वनखात्याने कुऱ्हाडी काढून घेतल्या, गावोगावच्या पोरांनी कुत्री अंगावर सोडली, पवनचक्कीच्या रस्त्यांनी डोंगराचं गवत खाल्लं. पण अन्याय करून कुणी त्याच्यापुढे एवढं ओशाळलं नव्हतं. ते ओशाळणं अजून थोडा वेळ चालावं असं त्याला वाटलं. काही न बोलता निघून गेलं तरी चालेल, असंही वाटून गेलं. सारजाला सांगता येईल, त्यांनीच ऊस लावला. आणि अण्णांना काय, त्यांना कधी कळायचंच नाही.

जेवण झालं. सुंदरबाई आत गेल्या आणि ज्वारीचं गाठोडं ओढत बाहेर आल्या. दरसाल देत तेवढंच.

"चूक आमची हाय," त्या म्हणाल्या. "मेंढरं बसली न्हाईत म्हनून तुमी उपाशी ऱ्हावं असं न्हाई. ह्ये घिऊन जा."

बिभीषणने गाठोड्याकडे पाहिलं. टपोरी ज्वारी, सुताच्या दोरीने तोंड बांधलेली. एवढ्या वर्षांत त्याने या घरचा एक दाणाही मेंढरं बसवल्याशिवाय नेला नव्हता.

"वयनी, ठिवा ते."

"घ्या हो."

"मेंढरं न्हाईत," तो म्हणाला.

"रामच्या रानात..."

"मेंढरंच न्हाईत. इकली समदी."

बद्रीनाथ सुपारी कातरत होता, त्याचा हात थांबला.

"कवा?"

"दिवाळीच्या म्होरं."

"म्हंजी मी ऊस लावला तवा..."

"तवा आमी बाजारात हुतो."

"मग मगाधरनं गप कावून बसला बे? मी हितं तोंड लपवायलोय."

"त्येच्यासाठीच बसलो," बिभीषण म्हणाला. "बरं वाटत हुतं."

बद्रीनाथने त्याच्याकडे नीट पाहिलं. रागवावं की नाही ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने सुपारीचं खांड पुढे केलं आणि बिभीषणने ते घेतलं.

"काजळी बी इकली?" सुंदरबाईंनी विचारलं. काजळी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी मेंढी, डोळ्याभोवती काळी. दरसाल पहिल्यांदा तीच या दारात येई आणि सुंदरबाईंच्या हातून भाकरीचा तुकडा खाई.

"ती बी."

मग तो एकदम बोलू लागला.

"टेम्पो आनला हुता त्या मान्सानं. फळी लावली. एक बी मेंढरू चढंना. काजळी चढल्याबिगर बाकीची चढत न्हाईत, आन् ती माज्याकडं बघत उभी. तो मानूस काठी उगारायला लागला. म्हनलं, थांब. मंग मीच चढलो फळीवर. आत जाऊन उभा ऱ्हायलो. ती आली माज्या मागं. तिच्या मागं समदी आली. भरला टेम्पो. मंग मी कडंनं खाली उतरलो."

सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. बद्रीनाथ अडकित्त्याकडे बघत राहिला.

"सारजाला न्हाई सांगितलं ह्ये," बिभीषण म्हणाला. "तिला वाटतंय काठीनं चढवली."

त्याने घोंगडी उलगडून सुंदरबाईंच्या पुढे ठेवली. शेवटच्या कातरणीची लोकर होती. सारजाबाईने बसल्या जागी सूत कातलं होतं आणि गावच्या सणगराकडून विणून घेतली होती. सुंदरबाईंनी ती नाकाशी नेली. नव्या घोंगडीला मेंढराचा वास येतो.

"ही घ्यायची आन् दाना न्हाई द्यायचा, ह्ये कसं?"

"दाना मेंढरं बसवल्याचा असतोय वयनी. घोंगडी कशाचीच नसती."

गाठोडं पुन्हा आत गेलं. त्या बाबतीत तो हटणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. चार भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा मात्र त्याने फडक्यात बांधून घेतला. रस्त्याची शिदोरी कुणी नाकारत नाही.

दिवस कलताना बद्रीनाथ त्याला स्टँडपर्यंत सोडायला निघाला. दोघे कालव्याच्या भरावावरून चालले. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. यंदा नाही तर पुढल्या साली, असं तरी एरवी म्हणता येई. आता तेही नव्हतं. पण न बोलता चालण्याचीही दोघांना सवय होती.

चिंचेपाशी ते उभे राहिले. इथून सगळं रान खाली दिसे. ऊन तिरपं झालं होतं आणि ऊस वरून नीट दिसत होता. गडद हिरवा, भरलेला.

"ऊस जोरात हाय," बिभीषण म्हणाला.

"तुजी मेंढरं बसलेली हायेत त्याच्यात," बद्रीनाथ म्हणाला. "युवराज म्हनतोय खताच्या पोत्यानं आला. मी काय बोलत न्हाई." मग त्याने विहिरीकडच्या कोपऱ्याकडे हात केला. "फकस्त तेवढा तुकडा धरंना बघ. खत सारखंच टाकलंय, पानी सारखंच हाय. कळंना काय झालंय तिथं."

विहिरीच्या कोपऱ्यात, बांधापासून थोडं आत, उसात एक खळगा दिसत होता. दोन माणसं अंथरूण टाकून निजतील एवढा. तिथला ऊस गुडघ्याएवढाच होता, पिवळट, खुरटा. भोवतीने मात्र दाट हिरवा ऊस उभा.

बिभीषण बघत राहिला. वाघर दर चार दिवसांनी हलायची, सगळ्या रानात फिरायची. त्यांचं राहायचं पाल, ती घोंगड्यांची ठेंगणी झोपडी, मात्र हलत नसे. विहिरीचं पाणी जवळ म्हणून सारजाबाईने पहिल्या साली ते तिथे ठोकलं होतं आणि मग दरसाल तिथेच. तिथे मेंढरू कधी बसलं नाही. तिथे चूल होती, आणि इतक्या वर्षांच्या निजण्याने जमीन कडक झालेली होती.

"तिथं आमचं पाल असायचं," तो म्हणाला.

बद्रीनाथने खाली पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या टाकतो तिथं दोन पाट्या शेणखत. धरंल."

"नगा टाकू अण्णा," बिभीषण म्हणाला. "असू द्या तसंच."

आणि तो स्टँडच्या वाटेला लागला.