हजेरीची सही

"सर, सही माझीच आहे. पण 'हरकत नाही' असं मी कधी म्हटलं?"

तेजलने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मुलुंडला पाडकामाचं डेब्रिज भरडायचा प्लांट येतोय, त्याच्या जनसुनावणीचा अहवाल होता. 'उपस्थित नागरिक बेचाळीस. कोणाचीही हरकत नाही.' त्यातली अडतीस नावं माझ्या वर्गातली होती.

मीच नेलं होतं त्यांना. एकोणीस वर्षं कॉलेजात पर्यावरण धोरण शिकवतोय. कायदा, कर, जनसुनावणी असं दरवर्षी फळ्यावर लिहितो. यंदा वाटलं, पोरांनी सुनावणी डोळ्यांनी बघावी. दारातल्या वहीत सह्याही मीच करायला लावल्या. "हीच तुमची आजची हजेरी," म्हणालो. सुनावणी मंगळवारी सकाळी अकराला, म्हणजे आसपासची माणसं कामावर असताना. तेजलची गल्ली त्या प्लॉटला लागूनच आहे, हे मला आज कळतंय!

"मग तिथे बोलली का नाहीस गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, मध्ये बोलू नका, नुसत्या नोट्स काढा."

तळपायाची आग मस्तकात गेली. राग अहवाल लिहिणाऱ्यांचा होताच, पण त्याहून जास्त माझा मलाच आला.

प्राचार्या माधुरी मॅडमकडे गेलो. म्हटलं, या सह्या हजेरीच्या होत्या, एवढं पत्र द्या.

"नंदकिशोर सर, अहो, त्या सुनावणीचे फोटो आपल्या कॉलेजच्या वार्षिक अहवालात गेलेत. आता कशाला चव्हाट्यावर आणता?"

साध्या कागदावर मीच पत्र लिहिलं. हरकतीची मुदत आज पाचपर्यंत होती. तेजलला घेऊन रिक्षाने सरकारी कार्यालय गाठलं. कारकुनाने पत्र उलटसुलट करून परत दिलं.

"असं सगळ्यांच्या वतीने नाही चालत. ज्याने त्याने स्वतः यायचं, पत्त्याचा पुरावा घेऊन."

"सह्या घेताना बघितला होतात कोणाचा पुरावा?" मी ओरडलोच.

"आवाज खाली, साहेब. तिथे राहतं कोण?"

"मी," म्हणत तेजलने आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

त्याने फॉर्म पुढे सरकवला. मी तिला घाईघाईने नियम, कलमं सांगू लागलो.

"सर, थांबा ना जरा."

तिने लिहिलं, 'आईला दमा आहे. आमच्या घराला एकच खिडकी आहे, ती त्याच बाजूला उघडते.'

मी टेबलापासून बाजूला झालो.