संस्थापकांचा खुबा

माझा मेहुणा शिल्पकार. समोर दिसतं तेवढंच घडवतो, मनचं बोटभरही नाही, ही त्याची शेखी. म्हणून संस्थापकांच्या पुतळ्यासाठी त्यानं मला चौथऱ्यावर उभं केलं. पाय ताठ, चवडे आत वळलेले. संस्थापक म्हणे असेच उभे राहायचे. बघायला कोण गेलं होतं?

थोड्याच दिवसांत माझा उजवा खुबा बोंबलायला लागला. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला.

"सांध्यात पाणी साचलंय. त्यात पाय ताठ करून चवडा आत घेतला की दाब आणखी चढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, त्याला रक्त मिळालं नाही तर हाड मरेल. गुडघा वाकवा, मांडी बाहेर टाका. बेडकासारखं."

"पण माझं कामच उभं राहायचं आहे."

"मग बेडकाचं काम शोधा."

दुसऱ्या दिवशी मी चौथऱ्यावरच उशीला टेकून मांड्या फाकवून बसलो. मेहुण्यानं कोरणी उचलली. पायांची माती खरवडली आणि बेडूक घडवायला घेतला. उशीसुद्धा, उसवलेल्या शिवणीसकट.

"अरे, पाय तरी आठवून कर की."

"दाजी, आठवून चोर करतात."

मग संस्थेचे अध्यक्ष समितीला घेऊन आले. संस्थापकांचे नातू, एवढीच त्यांची कमाई.

"आमचे आजोबा परसाकडे बसलेत का?"

"खुब्याला रक्त पोचवतायत," मी म्हणालो.

"पुतळ्याला रक्त कशाला लागतं?"

"त्याला नाही लागत. मला लागतं."

"उद्यापासून ताठ उभं राहायचं. मोडलं हाड तर मोडलं, संस्थेसाठी लोक जीव देतात."

माझी बायको कोपऱ्यात माती तुडवत होती. ती म्हणाली, "आजोबा तुमचे, तर खुबाही तुमचाच लावा की."

सगळी समिती बघत होती, नाही म्हणायची सोय उरली नाही. अध्यक्ष चढले. ताठ झाले, चवडे आत घेतले. मेहुण्यानं बेडूक खरवडायला घेतला. संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा खुबा असा आखडला की चौघांनी त्यांना कपाटासारखं आडवं करून उतरवलं.

सकाळी निरोप आला: आजोबा मूळचे चिंतनशील होते, बसलेलेच ठेवा.

मी पुन्हा उशीला टेकलो, पुतळाही पुन्हा तसाच बसला, उशीसकट. माझा गोळा वाचला. डॉक्टरीणबाईंनी चालायची परवानगी दिली, त्या दिवशी मी मुद्दाम पुतळ्यावरून गेलो. आजोबांच्या पायथ्याशी नातू बसलेले, मांड्या फाकवून, पाठ थंडगार दगडाला टेकून.

"असं किती दिवस बसायचं असतं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

 मी घरून उशी तेवढी आणून दिली.