वन्स मोरची जागा

ईट गावच्या बाजारात खाजाभाईंच्या दुकानी ज्यानं ज्यानं सदरा शिवायला टाकला, त्याला राणी कनकप्रभेची गोष्ट ऐकावीच लागे. माप घेताना ती सुरू होई आणि गुंड्या लावून झाल्या तरी संपत नसे. गिऱ्हाईकानं उठून जावं म्हटलं तर गावात दुसरा शिलाईवाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर खाजाभाई शिवत झकास, पण सांगत त्याहून झकास.

तरुणपणी ते नाटक कंपनीत नायिकेचं काम करत. त्या काळी रंगमंचावर बायका फारशा येत नसत, पुरुषच शालू नेसून उभे राहत. खाजाभाई नेसून आले की पिटातल्या लोकांच्या हातातली विडी हातातच विझे. गळा तर असा की एकेका ओळीला दोनदा, तीनदा वन्स मोर. वन्स मोर आला की नटानं थांबायचं, लोकांचा गलका निवू द्यायचा आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची, ही तेव्हाची रीतच होती. खाजाभाईंची थांबण्याचीही एक तऱ्हा होती. डाव्या हाताची पाठ कानापाशी न्यायची, न सुटलेली बट मागं सारायची आणि मान जराशी कलती ठेवून वाट बघायची. मग बोलपट आले आणि नाटक कंपन्या भराभर बसल्या. खाजाभाईंचं नशीब थोर, कोल्हापूरच्या एका बोलपटवाल्यानं त्यांना बोलावून घेतलं आणि राणी कनकप्रभेचा मुख्य पार्ट दिला.

"तिथली तऱ्हाच न्यारी," खाजाभाई खडूनं कापडावर रेघ मारता मारता सांगत. "आमाला सवय शेवटच्या रांगेपतुर आवाज फेकायची. आन् तिथं डोक्यावर टांगलेला एवढासा डबा. म्या तोंड उघडलं की आवाजवाला सायब कान दाबत पळत यायचा. म्हणायचा, खाजामियाँ, हळू! तुमचा गळा या पेटीत जातो, चेहरा त्या पेटीत जातो. दोन्ही येगळे. मागनं आमी जोडतो."

"आन् वन्स मोरचं काय झालं?" गिऱ्हाईकाला माहीत असूनही ते विचारी.

"काय व्हायचं? रथाच्या गाण्याला घोळ केला म्या. 'दारी उभी मी, रथ तुझा ना आला.' तान संपली आन् सवयीनं थांबलो की! हात कानाशी. समोर बघतो तर कोण? नुस्ते दिवे. टाळी न्हाय, शिट्टी न्हाय. डायरेक्टर लांबून हात हालवतोय, पुढं चला, पुढं चला. पण जागा अशी मोकळी सोडायची कशी? शेवटी माझं म्याच वन्स मोर घेतलं. तीच ओळ परत म्हणली. लई शिव्या खाल्ल्या. पण फिलीम महाग, गाणं तसंच ठेवलं त्यांनी."

दुकानात हशा पिके. हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की हा बोलपट खुद्द खाजाभाईंनी पाहिलेला नव्हता. काम आटोपलं तोच वडील अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला आणि ते ईटला परतले. बार्शीला तो बोलपट आठवडाभर लागला तेव्हा घरात मयत झालेली. पुढं तो कुठं गेला, कुणास ठाऊक. निजामाच्या मुलखात तर आलाच नाही.

आणि मग लग्न. शरिफाबीच्या वडिलांनी सरळ सांगितलं, मुलगी देतो, पण तोंडाला रंग लागणार नाही आणि गळ्यातून गाणं निघणार नाही. खाजाभाईंनी शब्द दिला आणि पाळला. कंपनीचे शालू शिवता शिवता आलेली शिलाई पोटाच्या कामी आली. शरिफाबी मागच्या खोलीत भाकरी थापता थापता वीस-बावीस वर्षं ही गोष्ट ऐकत आली, पण त्यावर बरं-वाईट एक अक्षर बोलली नाही. फक्त शिवण संपवून, दातानं दोरा तोडून खाजाभाईंचा डावा हात नकळत कानाकडं गेला, की आतून आवाज येई, "कान हाय जाग्यावर. मशीनला हात लावा."

गावानं गोष्ट ऐकली, मजा घेतली, पण खाजाभाईंना गावाची पर्वा नव्हती. त्यांच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती. आपण काय होतो ते शरिफाबीनं एकदा, फक्त एकदा, डोळ्यांनी बघावं.

निजाम गेला, जिल्हा मुंबई राज्यात आला आणि मल्लिनाथची तंबू टॉकीज बाजार करत करत ईटला पोचली. बैलगाडीवर रंगवलेला फळा आणि वर भोंगा. भोंग्यातून नाव आलं, "राणी कनकप्रभा!" त्या क्षणी खाजाभाई रामकिसन वाण्याच्या अंगरख्याचं कापड कापत होते. कात्री बाहीतून थेट पाठीत गेली.

रामकिसननं कापडाकडं पाहिलं, भोंग्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ द्या कापड खड्ड्यात. खाजाभाई, तुमचा पिच्चर आला!"

त्या दिवशी खाजाभाई घरोघर फिरले. लग्नाचं आवतण दिल्यागत सांगत सुटले, "महालाच्या पायऱ्या उतरत येते ना, ती राणी म्हणजे मी." घरी मात्र त्यांना तोंड उघडवेना. शरिफाबी नाही म्हणाली तर? दिवेलागणीला ते दुकानाला कुलूप लावत होते. मागून शरिफाबी आली. अंगावर ईदची साडी, डोक्यावरून पदर, सोबतीला शेजारची द्वारकाबाई. "चला," एवढंच म्हणून ती पुढं झाली. खाजाभाई किल्ली कुलपातच विसरून तिच्या मागं निघाले.

तंबू खचाखच भरला. मधोमध कनात, तिच्या एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायका. खाजाभाईंना सगळ्यांत पुढं मानानं बसवलं. दिवे गेले. पडद्यावर नावं आली आणि झरझर निघूनही गेली. वाचता येणारे थोडे, त्यांच्या आधी ती पळाली. मग महाल उघडला. पायऱ्यांवर एक पाऊल पडलं, पैंजण वाजले.

"आले, आले!" रामकिसन ओरडला.

राणी उतरून आली. "आई शप्पत, काय रूप होतं हो खाजाभाई!" मागून कुणीतरी म्हणालं. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, पाठीवर थापा पडल्या. थापा खात बसलेले खाजाभाई मात्र डोळे ताणून पुढं वाकले. कारण पायऱ्या त्याच होत्या, शालू तोच होता, काठ त्यांनी स्वतः शिवलेला. आतलं माणूस वेगळं होतं.

कुणी दुसरी असेल, त्यांनी मनाला समजावलं. दासी असेल. आपण मागून येऊ. मग राणीचा चेहरा जवळून आला, पडदाभर. कोवळी विशीतली पोर, गोरा नाजूक गळा, त्यावर कंठमण्याचा मागमूस नाही. ती बोलली. आवाजही तिचाच, चांगला मंजुळ.

मग कुणीतरी म्हणालं, "ही तर खरीखुरी बाई हाय!" आणि हसू फुटलं. साधं नाही, पोट धरधरून. "खाजाभाई, तुमी कव्हा दिसणार? रथाच्या बैलात हाय का?" रामकिसननं पाठीवरचा हात काढून घेतला. "बावीस वर्सं हो," तो हळूच म्हणाला, "बावीस वर्सं आमाला येड्यात काढलं?"

आपण खोटं बोललो नव्हतो. तो शालू अंगावर होता, त्या दिव्यांनी कातडी भाजत होती, त्या पायऱ्यांवर पाय घसरला होता. हे सगळं झालं होतं की नव्हतं? स्वतःच्याच आठवणीवर त्यांचा भरवसा उडाला. माणसाला आपण मेल्याची बातमी कुणी सांगावी आणि ती खरी वाटावी, तसं त्यांना झालं. कनातीपलीकडं शरिफाबी बसली होती. बाजारातल्या बायका तिच्याकडं बघून हसत असतील. हे मनात आलं आणि ते उठले. लोकांच्या पायांवर पाय देत ते दाराकडं निघाले.

कनातीच्या टोकाला, बाहेर पडायच्या बांबूपाशी ते पोचले, तेव्हा मागं पेटी वाजली. ओळखीची पेटी. आणि पडद्यावरची पोर गाऊ लागली,

"दारी उभी मी, रथ तुझा ना आला…"

खाजाभाई जागच्या जागी थिजले. तो त्यांचा गळा होता.

शंकाच नको. 'रथ'वर घेतलेली हरकत त्यांची, मधला श्वासही त्यांचाच. त्या कोवळ्या ओठांतून खाजाभाई गात होते. तुमचा गळा या पेटीत, चेहरा त्या पेटीत, मागनं आमी जोडतो. जोडलं होतं खरं! बोलपटात पुरुषाची राणी शोभेना म्हणून मालकानं त्यांच्या माघारी बाई आणून सगळं पुन्हा काढलं असणार आणि गाणी तेवढी ठेवून घेतली. एका शब्दानं कळवलं नाही. गोष्ट सांगून सांगून त्यांनी कितीक माणसांना हसवलं होतं. खरी थट्टा झाली ती त्यांचीच, आणि त्यांना ती आज कळत होती. ओरडून सांगावं, हा मी आहे! पण गावानं त्यांना गाताना कधी ऐकलंच नव्हतं. घरातही नाही. ओळखणार कोण?

आणि त्यांना अजून एक दिसलं. पोरीचा हात. गाताना तो उठत होता, वळत होता, पदराशी खेळत होता, अगदी त्यांच्यासारखा. त्यांची फिल्म समोर लावून तिला शिकवलं असणार. हातसुद्धा उचलून नेला होता लोकांनी.

तान वर गेली, फिरली, खाली आली आणि संपली. राणी थांबली. तिनं डाव्या हाताची पाठ कानाशी नेली, न सुटलेली बट मागं सारली, मान कलती केली आणि वाट बघत उभी राहिली. पेटीही थांबली. तीच मोकळी जागा. कोल्हापुरात जी मोकळी राहिली, बार्शीत राहिली, जिथं जिथं हा बोलपट दाखवला असेल तिथं तिथं लोकांनी जी मुकाट्यानं बघितली असेल, ती. ईटच्या लोकांनाही कळेना ही बाई मध्येच का थांबली. हसणारे गप्प झाले.

"वन्स मोर!"

आवाज कनातीपलीकडून आला. बाईचा, चिरका, कधी न ओरडलेल्या गळ्याचा. पुरुषांच्या माना गर्रकन वळल्या. बायकांत कुजबुज उठली. "अगं बाई, शरिफाबी!" ही द्वारकाबाई.

ती उभी राहिली होती. परक्या पुरुषांसमोर जिनं इतक्या वर्षांत मोठ्यानं शब्द काढला नव्हता, ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून पडद्याकडं बघत उभी होती.

आणि पडद्यावरच्या राणीनं तिचं ऐकलं. हात खाली घेतला, किंचित झुकली आणि तीच ओळ पहिल्यापासून पुन्हा गाऊ लागली.

मल्लिनाथ यंत्र सोडून बाहेर आला आणि आ वासून एकदा पडद्याकडं, एकदा त्या बाईकडं बघू लागला. त्यानं हा बोलपट गावोगाव चालवला होता, पण बाईनं ओरडून सांगितल्यावर राणी परत गायल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. रामकिसनला आधी काही उमजलं नाही. मग त्याचे ओठ हलले. "रथाचं गाणं," तो पुटपुटला. "हात कानाशी… तीच ओळ परत…" दुकानात बसून तीसदा ऐकलेली गोष्ट त्याच्या समोर घडत होती. त्यानं वळून बांबूपाशी उभ्या असलेल्या खाजाभाईंकडं पाहिलं. त्यांचा डावा हात कानाशी होता.

हळूहळू एकेक मान तिकडं वळली. कुणी हसलं नाही.

खेळ संपायच्या आत ते बाहेर पडले. शरिफाबी मागून आली. बाजाराच्या ओस रस्त्यावरून दोघं चालू लागली. चालता चालता त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं? आवाज तर तू कधी ऐकला नव्हता."

"आवाज कुठला," ती म्हणाली. "हात बघितला. रोज बघते की."

खाजाभाईंना हुंदका आवरेना. तो लपवायला त्यांनी तोंड फिरवलं, आणि सवयीनं हात पुन्हा कानाकडं गेला. आता रोजचं 'कान हाय जाग्यावर' येणार म्हणून त्यांनी तो घाईनं खाली घेतला.

"राहू द्या," शरिफाबी म्हणाली. "तुमचाच हाय त्यो."