पंखे बंद झाल्यावर

बाईंनी चेंडू जोर लावून जमिनीवरून घरंगळत सोडला. समोर तीन मुली डोळ्यांना पट्ट्या बांधून, गुडघ्यांत वाकून, कान देऊन उभ्या होत्या. कुणाला अंधुक दिसे, कुणाला अजिबात नाही, म्हणून पट्ट्या सगळ्यांनाच. चेंडूत घुंगरू होते. ते वाजतही असणार, पण चेंडू दोघींच्या मधून सरळ निघून गेला आणि मागच्या भिंतीवर आदळला, तेव्हा कुठे एकीने विचारले, "टाकला का, बाई?"

बाईंनी वर पाहिले. छताखाली अवाढव्य पंखे घोंघावत होते.

शहराचे हे नवे क्रीडासंकुल उभे राहीपर्यंत अंधशाळेतल्या या बाईंचे अर्धे केस पांढरे झाले होते. पोहणारे, बॅडमिंटनवाले, कुस्तीवाले असे सगळे आपापले मागणे घेऊन बैठकांना यायचे. बाईंचे मागणे एवढेच होते, की आठवड्यातून एक तास हा हॉल मिळावा आणि मैदानाच्या रेषांखाली दोरी बसवावी, म्हणजे मुलींना बोटांनी हद्द कळेल. दर वेळी संकुलाचा इंजिनियर मान वर न करता म्हणायचा, "बघू." बाईंच्या डोक्यात तो शब्द जायचा. बैठकीहून परतल्यावर काय झाले हे नवऱ्याने विचारणेच सोडले होते; तो त्यांचा चेहरा बघून गुपचूप चहा टाकायचा.

आज चाचणीचा दिवस होता. रेषांखाली दोरी होती, हे खरे. पण क्रीडाधिकारी एकेक हॉल बघत येणार होते आणि ज्यांचा खेळ इथे नीट होईल त्यांनाच तास मिळणार होता.

इंजिनियर कोपऱ्यात, बटणांच्या फळ्याजवळ उभा होता. शर्टाची बटणे वर-खाली लागलेली. बाई त्याच्याकडे गेल्या.

"साहेब, पंखे बंद करावे लागतील. मुलींना चेंडू ऐकू येत नाही."

"पाहुणे हिंडताहेत, बाई. सगळं चालू दिसलं पाहिजे, असं वरून सांगितलंय."

बाई भांडल्या नाहीत. भांडायची ताकद कधीच संपली होती. त्या मुलींना पिशव्या उचला म्हणून सांगायला वळल्या. पण 'भिंत' अजून तशीच वाकून उभी होती. तिच्या अंगावरून चेंडू सहसा जात नसे, म्हणून मैत्रिणींनी तिला ते नाव दिले होते. पुढचा चेंडू येईल म्हणून ती वाट पाहत होती.

इंजिनियर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने एकामागून एक बटणे खाली ओढली. पंखे मंदावत मंदावत थांबले. लगेच त्याचा फोन वाजू लागला. त्याने तो बंद करून खिशात टाकला.

"मोटर तापली होती, असं सांगेन," तो म्हणाला आणि कडेच्या बाकावर जाऊन बसला.

खेळ सुरू झाला. आता घुंगराचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ जात होता. भिंतीने आडवे झेपावून चेंडू बरगड्यांवर घेतला आणि दुखले तरी हसली. दोन्हीकडच्या मुली घामाने निथळल्या. कुणाची तक्रार नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या बाजूची एक मुलगी हात वर करून थांबली.

"बाई, पंखा परत लावला का?"

"पंखा नाही गं," भिंत म्हणाली. "कुणीतरी घोरतंय."

बाईंनी वळून पाहिले. इंजिनियर बसल्या जागी झोपला होता. मान छातीवर, तोंड उघडे. त्याला उठवायला त्या निघाल्या, तर बटणांच्या फळ्याजवळ तारा तपासत असलेला वायरमन हळूच म्हणाला, "साहेब घरी जातच नाहीत हो, बाई. त्यांची पोरगी त्यांना काका म्हणायला लागलीय."

बाईंचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"नका उठवू," मागून भिंत म्हणाली. "थांबू या जरा."

"अधिकारी येतील आत्ता. खेळ दिसला नाही, तर तास हातचा जाईल."

"येऊ देत." ती मांडी घालून खाली बसली. मग चाचपडत दुसरी बसली, तिसरी बसली. पलीकडच्या तिघीही बसल्या. बाईंनी चेंडू उचलला, घुंगरू वाजू नये म्हणून पोटाशी धरला आणि त्याही टेकल्या. पाय सैल सोडल्यावर त्यांना कळले, की ते केव्हाचे दुखत होते.

दार ढकलून अधिकारी आत आले. जमिनीवर गप्प बसलेल्या सहा मुली, एक बाई आणि बाकावर घोरणारा इंजिनियर. त्यांनी काही विचारायला तोंड उघडले, तेव्हा बाईंनी ओठांवर बोट ठेवले.

अधिकारी घुटमळले. मग हातातला तासवाटपाचा कागद खिशात घालून त्यांनी दार, आवाज होऊ न देता, लोटून घेतले आणि बाहेरच थांबले.