चार अंश

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात बायकोने माझं नाव शंकासुर ठेवलं, आणि ते मी कधी वाया जाऊ दिलं नाही. भाजीवाल्याने वजन बरोबर दिलं तरी मी पारड्याखाली हात घालून बघतो. महामारीची बंदी टप्प्याटप्प्याने उठणार असा कागद वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागला तेव्हा लोकांनी त्याचे फोटो काढले. मी खालची सही वाचली, ती कोणाची ते लागत नाही असं दहा जणांना सांगितलं आणि घरी आलो.

पहिल्या टप्प्यात दुकानं, दुसऱ्यात न्हावी आणि शिंपी, तिसऱ्यात पाळणाघरं. आमचा जीव तिसऱ्यात अडकलेला. बायको घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते; सगळा भाग तिला मावशी म्हणतो. सव्वा वर्ष त्या खोल्या बंद होत्या. भिंतीशी उभ्या केलेल्या चौदा छोट्या गाद्या ती रोज सकाळी आडव्या करायची, झटकायची आणि पुन्हा उभ्या करून ठेवायची. कोणासाठी, असं मी एकदाच विचारलं.

उघडायच्या अटी दोन. चालवणाऱ्या बाईचे लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत, आणि दारात रोज प्रत्येक मुलाचा ताप मोजून तो रजिस्टरमध्ये लिहिणारा एक जबाबदार माणूस हवा. फॉर्मवरच्या त्या रकान्यात तिने मला न विचारता माझं नाव घातलं.

"तीस वर्षं डेअरीत दुधाचं तापमान लिहिलंत, आता पोरांचं लिहा," ती म्हणाली. "तुमच्यासारखं रजिस्टर ठेवणारा दुसरा कुठून आणू?"

डेअरीच्या कोल्ड रूमवर होतो मी. दूध चार अंशांवर ठेवायचं, दर दोन तासांनी काटा बघायचा, आकडा लिहायचा, सही करायची. निवृत्त झालो तेव्हा मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खाली पितळी पट्टीवर 'चोख नोंदींबद्दल' असं कोरलेलं. ते घड्याळ तिने पाळणाघरात लावलं आहे.

लसीकरण केंद्र आमच्या भागातल्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये उघडलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी तिथे खुर्च्या लावायला जाऊ लागलो. कोर्टावरच्या पांढऱ्या रेषा धरून दोन खुर्च्यांत सहा फूट सोडायचे, संध्याकाळी सगळ्या एकात एक घालून भिंतीशी न्यायच्या. या खुर्च्यांवरून मला सगळं दिसायचं. कोण रांग मोडून पुढे जातं, कोणाला सिस्टर ओळखीचं हसते, टोचून झाल्यावर अर्धा तास बसायचं तिथून कोण वीस मिनिटांत सटकतं.

माझं खरं लक्ष होतं ते फ्रिजवर. लसीचा फ्रिज हॉलच्या कोपऱ्यात, आणि त्याची किल्ली एका फार्मासिस्ट मुलीच्या गळ्यात. असेल सव्वीस-सत्तावीसची. मनातल्या मनात मी तिला किल्लीवाली म्हणायचो. फारसं बोलायची नाही. न बोलणारी माणसं मला संशयास्पद वाटतात; बोलणारी तर वाटतातच. फ्रिजशेजारच्या टेबलावर तिचं तापमानाचं रजिस्टर असायचं. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला आकडा लिहिला पाहिजे, असं त्याच्या पुठ्ठ्यावरच छापलेलं.

गुरुवारी केंद्राला सुट्टी होती, आणि त्याच दिवशी अकरा ते चार आमच्याकडे वीज नव्हती. माझा चष्मा हॉलमध्ये राहिला होता म्हणून मी सहाच्या सुमारास तिकडे गेलो. दाराला बाहेरून कुलूप. खिडकीतून बघितलं, आत चिटपाखरू नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी खुर्च्या उचलताना रजिस्टर उघडं दिसलं. किल्लीवाली हात धुवायला गेलेली. मी वाकून वाचलं. गुरुवार, सकाळ, चार पॉइंट दोन. गुरुवार, संध्याकाळ, चार पॉइंट नऊ. पुढे तिची सही.

मनात पाल चुकचुकली. कुलूप लागलेल्या हॉलमध्ये आकडा लिहिला कोणी? आणि पाच तास वीज नसताना फ्रिज चारच्या घरात कसा? मग मी सबंध पान नीट बघितलं, आणि पालीचं काही काम उरलं नाही. रोजच्या रोज लिहिलेले आकडे रोजच्या हाताचे असतात. एके दिवशी घाई असते, एके दिवशी पेन अडतं, एके दिवशी चहाचा डाग पडतो. इथे शनिवारपासून शुक्रवारपर्यंतचे सगळे आकडे एकाच शाईचे, एकाच दाबाचे, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे. आठवडा एका बैठकीत लिहून काढलेला होता.

"गुरुवारी आला होतात का हो तुम्ही?" ती परत आल्यावर मी विचारलं.

"नाही. का?" तिने रजिस्टर मिटलं. "काका, खुर्च्या झाल्या का? मला कुलूप लावायचंय."

मी मान डोलावली आणि घरी आलो.

आता मी इतका ठाम कसा, ते सांगायला हवं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. डेअरीतली तीस वर्षांची माझी रजिस्टरं अशीच लिहिलेली आहेत. पाळी सुरू झाली की बसायचं आणि सुटेपर्यंतचे सगळे आकडे भरून टाकायचे. मी त्या मुलीपेक्षा हुशार होतो एवढंच. दोन पेनं वापरायचो, मध्ये एखादा चार पॉइंट तीन टाकायचो, एखादा आकडा मुद्दाम खोडायचो. मग पोत्यांवर आडवा व्हायचो. मशीन चालूच असायचं, दूध गारच असायचं, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

एका उन्हाळ्यात बिघडलं. दुपारच्या पाळीत मशीन बंद पडलं आणि मी झोपलेलो. सहाला उठलो तेव्हा काटा सतरावर. रजिस्टरमध्ये रात्री दहापर्यंत चार अंश आधीच लिहिलेले. मी मशीन चालू केलं, रात्रीपर्यंत काटा चारवर आला, आणि चार म्हणजे चार असं मी स्वतःला सांगितलं. रोजच्यासारखी दुधाची किटली घरी आणली. दुसऱ्या दिवशी पाळणाघरातली सात मुलं आजारी पडली. एक मुलगी अकरा दिवस दवाखान्यात होती.

डॉक्टर म्हणाले, दूध नाहीतर बाटल्या, दोन्हींपैकी एक. आणि खराब झालेल्या दुधातलं काही विष उकळूनही जात नाही. बायकोने मला विचारलं, "दुधाचं बघून येता का?" मी डेअरीत गेलो आणि रजिस्टरचं ते पान घेऊन आलो. चार, चार, चार. तिने ते बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, "मग माझ्याच बाटल्या."

ती मुलगी बरी झाली, आता तिलाही मूल आहे. पण बायकोने तेव्हा आठ महिने पाळणाघर बंद ठेवलं, आणि उघडल्यापासून ती बाटल्या तीनदा उकळते. बावीस वर्षं. पाणी बदलून तीनदा. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही आणि स्वतःच्या हातांवर तिचा विश्वास नाही. मला हे रोज दिसायचं. मी शरमत होतो, पण सवयीने शरमसुद्धा गार पडते.

त्या शुक्रवारी मी घरात शिरलो तेव्हा ती नव्या बाटल्या उकळत होती. तिसरं पाणी चाललेलं. शनिवारी तिचा दुसरा डोस आणि सोमवारी पाळणाघर उघडणार. नऊ आयांचे फोन येऊन गेले होते. तिची फुफ्फुसं आधीच नाजूक. लस बिघडलेली असेल तर ती पाण्याचं इंजेक्शन घेऊन नऊ मुलांत बसणार होती. मी बोललो तर केंद्र बंद पडणार, सोमवार जाणार. आणि पहिला प्रश्न येणार तो मलाच, की तुम्हाला कसं कळलं. त्याचं उत्तर तिच्या कानावर गेलं की ती तो उन्हाळा काढणार. माझी बायको हिशेबात कच्ची नाही.

"उद्या नको जाऊस," मी म्हणालो. "त्यांच्या फ्रिजचं काही खरं नाही."

"तुमचं कशाचं खरं असतं?" ती हसली. "शंकासुर. जेवायला बसा."

मी जेवायला बसलो. यापेक्षा जास्त धीर मला झाला नाही.

शनिवारी सकाळी ती पाचव्या खुर्चीवर होती. मी मुद्दाम पलीकडच्या कोपऱ्यात खुर्च्या सरळ करत राहिलो, ज्या आधीच सरळ होत्या. सिस्टरने सुई भरली. बायकोने बाही वर केली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. सोमवार उजाडल्यासारखा चेहरा होता तिचा.

"थांबा," मी म्हणालो.

आवाज जरा मोठाच निघाला. सिस्टर थांबली, केंद्राच्या डॉक्टरीणबाई आतून आल्या, रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली. मी गुरुवारची वीज सांगितली, कुलूप सांगितलं, रजिस्टर सांगितलं. किल्लीवालीचा चेहरा लाल झाला.

"आठवडाभराच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्यात असं तुम्ही म्हणताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आरोप मोठा आहे, काका. कशावरून?"

बायको बाही धरून बसली होती. तिला माझा अभिमान वाटत होता, तो मला दिसला.

"मी तसंच लिहायचो," मी म्हणालो. "डेअरीत. तीस वर्षं. मला बघितल्याबरोबर कळतं."

मग किल्लीवाली पुढे आली. फ्रिजच्या दारावर छोटा पडदा असलेली एक डबी चिकटवलेली होती. ती काढून तिने माझ्यासमोर धरली. ती डबी आतलं तापमान दर दहा मिनिटांनी आपोआप साठवते. आकडे तिच्यातून निघतात, आणि वरच्या ऑफिसला हातानं लिहिलेलं रजिस्टर लागतं म्हणून किल्लीवाली दर शुक्रवारी ते उतरवून काढते. गुरुवारची रेघ तिने दाखवली. फ्रिजच्या भिंतींत बर्फाचे थर, त्यामुळे वीज गेल्यावर रेघ जेमतेम साडेपाच अंशांपर्यंत चढलेली आणि उतरलेली. संध्याकाळी सहा, चार पॉइंट नऊ.

"काल विचारलं असतंत तर कालच दाखवलं असतं," ती म्हणाली.

"विचारलं ते बरंच झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रांगेत कोणीतरी हसलं, हॉलमधली हवा सैल झाली. सिस्टरने टोचलं. बायकोने हूं की चूं केलं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि डोळे मिचकावत नव्हती.

अर्धा तास बसायचं होतं. मी तिच्या बाजूची, सहा फुटांवरची खुर्ची घेतली. तिने पिशवीतून पाळणाघराचा फॉर्म काढला. प्रमाणपत्र मिळालं की तिथूनच वॉर्ड ऑफिसात द्यायचा होता. तो मांडीवर ठेवून तिने त्याची घडी सरळ केली.

"अहो," ती म्हणाली. "त्या वर्षीचं ते पान. मला आणून दाखवलेलं."

"हं."

"तेही आधीच लिहिलेलं होतं?"

आतासुद्धा नाही म्हणता आलं असतं. तोंडात तयारच होतं.

"हो," मी म्हणालो. "मशीन बंद पडलं होतं. दूध सतरावर गेलं होतं. मी झोपलो होतो."

तिने विचारलं नाही की इतकी वर्षं का बोलला नाहीत. रडलीही नाही. मला वाटलं होतं, रडली तर निदान काही म्हणता येईल. तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, तळवे, मग बोटं, जणू कोणाकडे ठेवायला दिलेली वस्तू परत मिळाली होती आणि ती शाबूत आहे का ते बघायचं होतं. मग सिस्टरकडून पेन मागून घेतलं, फॉर्मवरच्या त्या रकान्यातलं माझं नाव सरळ रेघ मारून खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. अर्धा तास झाल्यावर उठली आणि एकटीच वॉर्ड ऑफिसात गेली. मी खुर्च्या उचलल्या.

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. सोमवारी सकाळी आठला पहिली आई दारात आली. बायकोने मुलाच्या कपाळाशी तापमापक धरला, आकडा वाचला आणि लगेच रजिस्टरमध्ये लिहिला. मग दुसरं मूल, मग तिसरं. प्रत्येक आकडा त्याच्या त्याच्या वेळी, तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. मला गाद्या आडव्या करायचं काम दिलं होतं.

दहाच्या सुमारास तिने बाटल्या पातेल्यात टाकल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. पाणी उकळलं. तिने चिमट्याने एकेक बाटली काढून धुतलेल्या फडक्यावर पालथी घातली, पातेलं मोरीत उपडं केलं आणि गॅस बंद केला.

मी दुसऱ्या पाण्याची वाट बघत तसाच उभा होतो. ती माझ्या बाजूने मुलांकडे निघून गेली.