बंगल्याचं इरलं

आषाढातल्या एका मंगळवारी दुपारी बंगल्याची पश्चिमेची भिंत पडली. अक्का आत होती. गारगोटीला वर्गावर असताना मला फोन आला.

माझ्या या थोरल्या बहिणीची आठवण मला आधी आवाजातून येते. वैशाखात ती ओसरीवर पाय पसरून बसे, उसाच्या वाळल्या पाल्याच्या मुठी बांबूच्या कामट्यांत दाबून सुतळीने आवळत असे, आणि सबंध घरभर एक कोरडी, करकरीत कुजबुज पसरे. आमच्या डोंगरपट्ट्यात पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो; म्हणून पश्चिमेच्या भिंतींना पाल्याच्या झडी बांधून चार महिने झाकून ठेवतात. अक्का मात्र झड हा शब्द वापरत नसे. भांगलणीच्या बायका पावसात पाठीवर पानांचं इरलं घेतात ते मनात धरून ती म्हणे, "बंगल्याला इरलं घालायचंय, तेवढं झालं की मी मोकळी."

बंगला पणजोबांनी बांधलेला. संस्थानात रस्त्यांच्या कामावर असताना त्यांनी बेळगावकडचे विटांचे बंगले पाहिले, आणि काळ्या दगडाच्या, पांढऱ्या मातीच्या या मुलखात एक तांबडं घर उभं केलं. नदीकाठच्या गाळाची पातळ वीट, चुन्याचे सांधे, खिडक्यांवर चपट्या कमानी, छपराखाली विटांचीच दातेरी किनार. सगळी कलाकुसर त्यांनी पश्चिमेला केली, कारण तिकडे डोंगर होता आणि मावळतीचा प्रकाश होता. पाऊसही तिकडूनच येतो हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. पण देखण्या गोष्टीच्या ओढीत माणूस ऋतू विसरतो. त्या विसराची भरपाई घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पाल्याने करत आल्या. अक्का त्यांतली शेवटची.

तिचं लग्न झालं नाही. का, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दिवाळीनंतर झडी उतरल्या की संध्याकाळचं तिरपं ऊन त्या भिंतीवर येई, आणि अक्का उघडा तळहात विटांवर ठेवून उभी राही. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. ओल कुठवर चढली आहे, हे ती असं पाहत असे. त्या उजेडात तिचा हात आणि वीट यांचा रंग वेगळा काढता येत नसे.

चुलत्यांना बंगला पाडून तिथे लॉज बांधायचा होता. अक्का एकटी कोल्हापूरच्या कचेऱ्यांतून फिरत राहिली. डब्यात भाकरी आणि पिशवीत भिंतीतून निखळलेली एक वीट घेऊन. समोरचा माणूस ऐकेनासा झाला की ती वीट त्याच्या टेबलावर ठेवी. शेवटी बंगला संरक्षित झाला, फाटकाशी निळा फलक लागला. त्या दिवशी अक्काने फलकाला हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या वैशाखात पाहणीला एक साहेब आले. तरुण होते, अदबीने बोलणारे. अक्का तेव्हा झडीसाठी विटांच्या सांध्यांत खुंट्या ठोकत होती.

"बाई, थांबा. या भिंतीत आता एक खिळासुद्धा चालणार नाही. आणि एवढी देखणी बाजू झाकता कशाला? लोक बघायला येतील."

"आषाढात कोण येतंय बघायला, पावणं? बेडकं?"

साहेब मनापासून हसले. मग म्हणाले, "नियम आहे. मी वर प्रस्ताव पाठवतो, तोवर काही ठोकू नका."

अक्काने हातोडा खाली ठेवला. जमिनीत बांबू रोवून तिने झडी उभ्या करून पाहिल्या. भिंतीचा आधार नसलेल्या त्या झडी वळवाच्या वाऱ्याने शेतात नेऊन टाकल्या. प्रस्तावाचं उत्तर आलं नाही. एका रविवारी शेजारची पारू तिच्यावर चिडली. मी त्या रविवारी तिथेच होतो.

"अगं अक्का, ठोक की चार खुंट्या! कोण बघतंय हितं?"

"मीच मागून आणलेला कायदा हाय, पारू. आन् मीच मोडू व्हय?"

"मग आता भिंतीला कोण राखणार? त्यो फलक?"

 मी अक्काला पावसापुरतं गारगोटीला चल म्हणालो. तिने झडी वेचून आणल्या, माळ्यावर चढवल्या, आणि खाली येऊन म्हणाली, "तू जा. तिला एकटी टाकून मी न्हाय यायची." भिंतीला ती केव्हापासून 'तिला' म्हणत होती, ते मला आठवत नाही.

मग पाऊस लागून राहिला. उघड्या विटांनी तो पिऊन घेतला, चुना मऊ होत गेला, कमानीखाली काळसर ओल उतरली. अक्काने आपली वळकटी पश्चिमेच्या खोलीत नेली आणि भिंतीशी शेगडी पेटवून ठेवू लागली. बाहेरून इरलं घालता येत नाही, तर आतून ऊब द्यावी, एवढाच तिचा विचार. त्या मंगळवारी पारू निखारे द्यायला आली, तेव्हा अक्का भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि म्हणाली होती, "जरा सुकल्यासारखी वाटती बघ." पारू फाटकापर्यंत पोचली, तेव्हा तिला मागून आवाज आला.

काळ घरं पाडतो असं मी वर्गात अनेकदा शिकवलं आहे. आता वाटतं, काळ नुसता वाट बघत असतो. घराला हात लावणारं माणूस कधी थांबतं याची. माणूस गेल्यावर स्मृतीही उघड्या विटेसारखी होते, जे येईल ते शोषून घेते आणि आतून मऊ पडत जाते.

फलक जागेवर आहे. पारू अधूनमधून अंगण झाडते. पश्चिमेच्या उघड्या बाजूला ताडपत्री लावली आहे, आणि ती बांधण्यासाठी उरलेल्या भिंतींत खिळे ठोकले आहेत. अक्काच्या झडी माळ्यावर आहेत.